आईला चमच्याने पाणी पाजलं तर चालेल का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. आई ६४ वर्षांच्या. अंगावरून वारं गेलं, उजवा हात-पाय पडला, बोलणं बंद झालं. बारा दिवस दवाखान्यात आहेत, येत्या शुक्रवारी घरी सोडणार आहेत. नाकात नळी आहे, लघवीचीही नळी आहे. घरात तुम्ही, शाळेवर जाणारी तुमची बायको आणि सत्तरीचे वडील. तुम्ही विचारलंय की चोवीस तासांची बाई ठेवायची की नर्स, एअर बेड घ्यायचा का, मालिश कधी सुरू करायची, आई परत चालेल-बोलेल का. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय, ‘आई सारखी तांब्याकडे बोट दाखवते, चमच्याने थोडं पाणी पाजलं तर चालेल ना?’

मी चौदा वर्षं न्यूरोच्या आयसीयूत आणि वॉर्डात सिस्टर होते, आता नऊ वर्षं घरोघरी जाऊन असे रुग्ण बघते. तुमच्या सगळ्या प्रश्नांत जिवावर बेतू शकेल असा प्रश्न हा शेवटचाच आहे, म्हणून आधी तो.

नाही, आज पाजू नका. गिळण्याची तपासणी होईपर्यंत एक चमचाही नको.

तुम्हाला वाटेल, पाणीच तर आहे. पण गिळता न येणाऱ्या माणसाला सगळ्यात धोक्याची वस्तू पाणीच. मऊ भाताचा घास जिभेवर गोळा होऊन हळू सरकतो, घशाला तयारीला वेळ मिळतो. पाणी सुळकन मागे जातं. त्या क्षणी श्वासनळीवरचं झाकण वेळेत बंद झालं नाही तर ते थेट फुप्फुसात उतरतं. तुम्ही-आम्ही अशा वेळी ठसका लागून लाल होतो. पक्षाघाताच्या बऱ्याच रुग्णांना तो ठसकाच लागत नाही, कारण घशाची जाणीवच बधिर झालेली असते. घरच्यांना वाटतं, छान प्यायली.

आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, नवव्या दिवसापर्यंत उत्तम चाललेले. दुपारी भेटायला आलेल्या नातवाने लाडाने अर्धा कप चहा पाजला. खोकला नाही, काही नाही, आजोबा हसले, नातू खूश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप १०२, छातीत घरघर, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा. पुढचे आठ दिवस पुन्हा आयसीयू. नातवाला कुणी रागावलं नाही, पण तो पोरगा रोज बाहेरच्या बाकावर येऊन बसायचा, आत यायचा नाही.

ताज्या पक्षाघातात साधारण निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास असतो. त्यातल्या पुष्कळांचा तो काही आठवड्यांत कमीही होतो. म्हणून नळी कायमची आहे असं धरून बसू नका आणि काढायची घाईही करू नका. आत्ता चार दिवस हातात आहेत, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘गिळण्याची तपासणी झाली आहे का? स्पीच थेरपिस्ट कधी बघणार?’ लोकांना वाटतं स्पीच थेरपिस्ट फक्त बोलायला शिकवतात. गिळणं हेही त्यांचंच काम. ते आईंना ताठ बसवून, पूर्ण जाग्या असताना, आधी एकेक चमचा पाणी देतील. गिळल्यावर तोंडातून ‘आ’ काढायला लावतील. आवाज पाणी भरल्यासारखा, घोगरा आला तर उत्तर नाही. आईंचं बोलणं बंद असल्यामुळे आवाजावरून कळणं अवघड जाईल, तेव्हा ते गळ्यावर बोट ठेवून हालचाल बघतात, श्वास ऐकतात. परवानगी मिळालीच तर बहुधा पाण्याची मिळत नाही, घट्टसर पदार्थाची मिळते. आपल्याकडे बाळाला खिमट देतात ना, तसं. किंवा गुठळी न झालेली नाचणीची दाट पेज. बऱ्याच घरी हे ऐकून धक्का बसतो की पेज चालते आणि पाणी चालत नाही.

मग तांब्याकडच्या बोटाचं काय? ती तहान बहुतेक वेळा पोटाची नसते, तोंडाची असते. दिवसभर तोंड उघडं राहून जीभ खडखडीत होते. पाणी नळीतून पुरेसं जात असलं तरी तोंडाला ते कळत नाही. यासाठी तुम्ही आजपासून करू शकता ते तोंड साफ करणं. दिवसातून तीनदा मऊ ब्रश, किंवा बोटाला गॉज गुंडाळून ओला करून पिळून घ्या, मग दात, हिरड्या, जीभ आणि विशेषतः उजव्या गालाची आतली बाजू. त्या बाजूला संवेदना कमी असते, तिथे कफ आणि जुनं अन्न साठून राहतं. आईंनी बोट चावू नये म्हणून गालाच्या बाजूने आत जा. हे करताना त्यांना बसतं ठेवा किंवा कुशीवर वळवा, उताणं कधीही नाही. ओठांना जरा व्हॅसलिन किंवा तूप. यामागे नुसती स्वच्छता नाही. लाळ तर सगळ्यांचीच थोडीफार खाली जाते, आणि घाण तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तर न्यूमोनिया लवकर होतो.

नर्सिंगचं हे इतकं साधं काम म्हणून त्याला कुणी मोजत नाही, म्हणून एक अभ्यास सांगते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिट्समध्ये, म्हणजे पक्षाघाताच्या खास वॉर्डांत, तो झाला, २०११ मध्ये छापून आला. काही युनिट्समधल्या नर्सना फक्त तीन गोष्टींचं पक्कं प्रशिक्षण दिलं. पहिल्या तीन दिवसांत ताप आला की लगेच उतरवायचा, साखर वाढली की लगेच आटोक्यात आणायची, आणि गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही द्यायचं नाही. नवं औषध काहीही नव्हतं. तीन महिन्यांनी बघितलं तर या युनिट्समध्ये मेलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण ४२ टक्के, बाकीच्या युनिट्समध्ये ५८ टक्के. माझ्या नोकरीच्या काळात आलेल्या कित्येक महागड्या इंजेक्शनांनी एवढा फरक दाखवला नाही.

आता नळीतून भरवणं. दवाखान्यात याला आरटी फीड म्हणतात. शुक्रवारपर्यंतचे चार दिवस हेच तुमचं शिक्षण समजा. रोज किमान दोन फीड सिस्टर शेजारी उभी असताना तुम्ही आणि बायकोने स्वतःच्या हाताने द्या. नुसतं बघून येत नाही. सिस्टर कामात असेल, वैतागेलही, पण मागे लागा.

क्रम असा लक्षात ठेवा. आधी कूस बदलणं, कपडे, लंगोट, जे काय हलवाहलवीचं काम असेल ते उरकून घ्या. मग डोक्याकडची बाजू ४५ अंशापर्यंत वर. नाकपुडीपाशी नळीवर पेनाने खूण केलेली असते, ती जागेवर आहे ना बघा. सिरिंज लावून हलकेच ओढा, पोटातलं थोडं पाणी येतं. मागच्या वेळचंच पुष्कळ तसंच परत निघालं तर फीड थांबवा आणि फोन करा. हवा मारून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची पद्धत आम्हीही शिकलो, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका, नळी छातीत असली तरी तसा आवाज ऐकू येऊ शकतो. मग सिरिंजचा दट्ट्या काढून टाका आणि नळकांडं वर धरून आपोआप उतरू द्या. दट्ट्याने ढकलायचं नाही. एका वेळी २०० मिली, फार तर २५०, आणि त्याला दहा-पंधरा मिनिटं लागली पाहिजेत. शेवटी ३० मिली साधं पाणी, म्हणजे नळी चोंदत नाही. त्यानंतर पाऊण ते एक तास आई तशाच टेकून बसलेल्या. ‘झालं ना, आता आडवं करूया’ ही घाई फुप्फुसाला महागात पडते. मधेच खोकला आला, ओठ निळसर वाटले, श्वास वाढला, तर तिथेच थांबा.

काय द्यायचं ते आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर ते बदलतं. पण जे द्याल ते बारीक गाळणीतून दोनदा गाळा. साबुदाण्याची खीर नळीतून देऊ नका, दुसऱ्याच दिवशी नळी बदलायला बोलावणं येतं. गोळ्या एकेक वेगळी कुटून, पाण्यात विरघळवून. मात्र काही गोळ्या कुटायच्याच नसतात, नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर असं असेल ती कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. डिस्चार्जच्या आधी प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा, ‘ही कुटून चालेल का?’

आणि आईंचा डावा हात चांगला आहे, म्हणजे कधीतरी त्या झोपेत नळी ओढणारच. नाकाला एक आणि गालाला एक चिकटपट्टी असू द्या, डाव्या हाताला रात्री हातमोजासारखी कापडी पिशवी घाला. हात बांधू नका. नळी निघालीच तर घरी कुणीही परत घालायची नाही, कितीही अनुभवी मावशी असली तरी. चार-सहा तास फीड नाही मिळालं तर काही होत नाही. मधुमेहाचं औषध चालू असेल तर मात्र लगेच फोन.

कूस बदलण्याबद्दल. तुम्ही एअर बेडचं विचारलंय. घ्या, भाड्यानेही मिळतो, उपयोग होतो. पण तो कुशीची सुट्टी देत नाही. मी कित्येक घरी बघितलंय, बारा हजारांचा बेड आणि त्यावर आजींना टोचू नये म्हणून जाड गोधडी. गोधडी घातली की त्या बेडचा उपयोग संपला. वर एकच सुती चादर, सुरकुती नसलेली. दर दोन तासांनी कूस. उजवीकडे, उताणं, डावीकडे. रात्री सुद्धा. रात्र तिघांत वाटून घ्या, वडिलांना पहाटेची वेळ द्या, त्यांना नाहीतरी झोप नसते, आणि काहीतरी हातात असलं तर बरं वाटतं.

ओढायचं नाही, उचलायचं. घरात आजीचं जुनं नऊवारी लुगडं असेल तर फार चांगलं. चौपदरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत खाली अंथरा. दोन बाजूंना दोघं, कडा गुंडाळून मुठीत घट्ट धरायच्या, ‘एक, दोन, तीन’ म्हणत उचलायचं आणि सरकवायचं. दवाखान्यात यालाच ड्रॉशीट म्हणतात. मॅकिंटॉश, म्हणजे रबरी कापड, लागलंच तर त्याच्याखाली, त्वचेला कधी नाही. एकट्याने काखेत हात घालून वर ओढलं की दोन नुकसानं होतात, माकडहाडावरची कातडी घासली जाते आणि खांदा निखळतो.

कातडी रोज दोनदा उजेडात बघायची. माकडहाड, दोन्ही टाचा, कमरेची बाहेरची हाडं, घोटे, कान, डोक्याची मागची बाजू. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे, त्या बाजूवर झोपवणं थांबवा. दाबूनही तसाच लाल राहिला तर आत नुकसान सुरू झालंय. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताने बघा, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा फुगीर लागतं, रंग जांभळट वाटतो. अशा जागी चोळू नका. पूर्वी आम्हाला नर्सिंगला पाठ चोळायला आणि स्पिरिट-पावडर लावायला शिकवायचे, ते आता सोडून दिलंय, त्याने कातडी आणखी कोरडी होऊन फाटते. गोल रबरी रिंगही नको, ती मधला भाग वाचवते आणि कडेचा रक्तपुरवठा तोडते. टाचांसाठी पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहील इतकी. मला विचाराल तर बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणारी जखम, झाल्यावर त्याची ड्रेसिंग्ज करण्यातच माझा निम्मा धंदा आहे, आणि त्यातल्या बहुतेक जखमा डिस्चार्जनंतरच्या पहिल्या महिन्यातल्या असतात.

आता मालिश. तुमच्या गावात एव्हाना तुम्हाला तीन-चार जणांनी नावं सुचवली असतील, कुणी कबुतराचं रक्त लावायलाही सांगितलं असेल. दोन हात जोडून नको म्हणा. हलक्या हाताने तेल लावायला माझी हरकत नाही, आईंना बरं वाटेल, तुमचा हात त्यांच्या हाताला लागेल. पण ‘नस मोकळी करतो’ म्हणून हात खेचणारा, खांद्यातून कडाडा वाजवणारा माणूस घरात येऊ देऊ नका. दोष नसेत नाही, मेंदूत आहे. आणि खांद्याचं गणित असं की तो सांधा हाडांनी कमी आणि स्नायूंनी जास्त धरलेला असतो. स्नायू सैल पडले की हाताच्या वजनानेच तो खाली उतरतो. त्यात कुणी हात धरून उठवलं की झालं. पुढे महिनोन्‌महिने खांदा इतका दुखतो की माणूस फिजिओला हात लावू देत नाही, आणि मग हाताची जी काय सुधारणा व्हायची ती राहते. म्हणून घरात सगळ्यांना, पाहुण्यांना सुद्धा, एकच गोष्ट सांगा: उजवा हात धरून ओढायचा नाही. बसताना तो हात उशीवर टेकवायचा, लोंबकळू द्यायचा नाही. उजव्या कुशीवर झोपवायला हरकत नाही, फक्त आधी खांदा अलगद पुढे काढून घ्या, अंगाखाली दाबला जाता कामा नये.

इथवरचं सगळं तीन गोष्टींत येतं: घोट, कूस, खांदा. घरी नेल्यावर पहिल्या दीड महिन्यात जे बिघडतं ते बहुतेक या तीनांतलं, आणि तिन्ही घरच्यांच्या हातात आहेत.

बाई की नर्स, याचं उत्तर नाकातल्या नळीवर अवलंबून आहे. नळी आहे तोवर फीड देणारी व्यक्ती शिकलेलीच हवी. ती एएनएम-जीएनएम झालेली नर्स असेल, किंवा तुमच्यापैकी एक जण, नीट शिकलेला. ब्युरोकडून येणाऱ्या मावशींत अतिशय हुशार बायका असतात, मी त्यांच्याकडून शिकलेय. पण काही जणींनी मागच्या आठवड्यापर्यंत स्वयंपाकाची कामं केलेली असतात आणि ब्युरोवाला ‘सगळं येतं’ म्हणून पाठवतो. पहिल्याच दिवशी तिला म्हणा, ‘मावशी, तुम्ही फीड कसं देता ते दाखवा.’ तिने आधी डोकं वर केलं आणि नळीवरची खूण बघितली तर ठेवा. थेट सिरिंज भरायला घेतली तर गोड बोलून दुसरी मागा. माझा सल्ला असा की पहिले दोन-तीन आठवडे दिवसा मावशी आणि दिवसाआड नर्सची फेरी, नळी निघाली की नुसती मावशी पुरेल. पैशाचं गणित तुमचं तुम्हाला माहीत. चोवीस तासांची एकच बाई मला आवडत नाही, कारण चोवीस तास कुणी जागं राहत नाही, आणि मग रात्रीची कूस चुकते.

लघवीच्या नळीबद्दल डिस्चार्जच्या आधी भांडा. बऱ्याच वेळा ती राहते ती गरज म्हणून नाही, सोय म्हणून. जितके दिवस जास्त तितका जंतुसंसर्ग. ‘काढून बघता येईल का?’ असं विचारा. निघाली तर दर दोन-तीन तासांनी बेडपॅन दाखवत राहायचं, म्हणजे कूस आणि बेडपॅन एका वेळापत्रकात बसतात. नाहीच निघाली तर पिशवी कायम कमरेच्या खाली, कॉटला टांगलेली, जमिनीला न टेकता. अंगावर ठेवून हलवायची नाही. शौच तीन दिवस झालं नाही तर सांगा, जोर करू देऊ नका.

चालणं आणि बोलणं. यावर कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका, माझ्यावर सुद्धा नाही. किती भाग गेला, कुठला गेला, वय, आधीची तब्येत, सगळ्यावर ठरतं. साधारण असं दिसतं की सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त, सहा महिन्यांपर्यंत बराच, त्यानंतर हळू पण चालू. पाय बहुधा हाताआधी येतो. बोटं सगळ्यात शेवटी. पाय आला म्हणून हात आळशी झालाय असं समजून रागावू नका.

इथे मला एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. आपल्याच देशात १४ दवाखान्यांत १२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून घरी व्यायाम करून घेतले तर फायदा होतो का, हे बघायचं होतं. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फरक दिसला नाही. वाचून मला वाईट वाटलं होतं, कारण मीही घरच्यांच्या बाजूची. पण त्यातून मी एक शिकले. मुलाने फिजिओ व्हायची गरज नाही. ऑफिसहून दमून आल्यावर आईकडून पन्नासदा पाय उचलून घेणारा मुलगा महिन्याभरात चिडचिडा होतो आणि आई त्याची वाट बघायची सोडून त्याला घाबरायला लागते. फिजिओथेरपिस्ट लावा, आठवड्यातून तीनदा जमलं तरी चालेल. तुमचं काम त्यांनी सांगितलेलं रोजच्या जगण्यात घालायचं. जेवणानंतर दहा मिनिटं कॉटच्या कडेला पाय सोडून बसवणं. कंगवा डाव्या हातात देऊन स्वतःचे केस विंचरू देणं, वेडेवाकडे का होईना. पेरू कापून भरवणाऱ्या सुना मी खूप बघितल्या, त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण ज्या घरी सासू स्वतःचं तोंड स्वतः पुसते तिथे ती लवकर उभी राहते, हा माझा अनुभव आहे.

बोलण्याचं. आईंची उजवी बाजू गेली म्हणजे मेंदूचा डावा भाग, आणि बहुतेकांची भाषा तिथेच असते. त्यांना वेड लागलेलं नाही आणि कान शाबूत आहेत, तेव्हा मोठ्याने ओरडून बोलायची गरज नाही. किती समजतं आणि किती बोलता येतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या तांब्याकडे बोट दाखवतात म्हणजे हवं ते कळवायची धडपड चालू आहे, मला हे लक्षण फार चांगलं वाटतं. एका वेळी एक प्रश्न, हो-नाहीत उत्तर येईल असा, आणि विचारल्यावर मनात दहा आकडे मोजून थांबा. ‘चहा हवा की दूध, की आधी पडायचंय?’ असं नको. पहिल्या दिवसांत हो म्हणायचं असताना ‘नाही’ बाहेर पडतं, तेव्हा मानेकडे आणि डोळ्यांकडे बघा. एकेक शब्द न येणारी माणसं कधी कधी एक ते दहा घडाघडा म्हणतात, वार म्हणतात, आरतीत सूर धरतात. माझ्या एका काकूंचा दोन महिने शब्द नव्हता. संध्याकाळी सून देवापुढे आरती म्हणत होती आणि आतल्या कॉटवरून धृपदाला साथ आली. सुनेच्या हातातलं ताम्हन खाली पडलं. पाठ असलेलं आणि सुचलेलं बोलणं मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी येतं, म्हणून असं होतं. त्यावरून ‘येतं तर बोलत का नाही’ असं मात्र म्हणू नका.

त्या उगीच रडतील, क्वचित भलत्या वेळी हसतील. त्यातलं काही मेंदूचा लगाम सुटल्यामुळे असतं, विषय बदलला की थांबतं. पण जेवण नको, डोळ्याला डोळा नको, फिजिओ आला की भिंतीकडे तोंड, असं दोन आठवडे चाललं तर ते नैराश्य आहे. पक्षाघातानंतर साधारण तीनात एकाला होतं आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांना आपणहून सांगा, ते पाच मिनिटांच्या तपासणीत विचारतीलच असं नाही. वडिलांकडेही लक्ष असू द्या. तुम्ही त्यांच्याबद्दल एवढंच लिहिलंय की ‘ते कोपऱ्यात बसून असतात’.

औषधांबद्दल मी अर्धवटच सांगू शकते, कारण तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही. आईंच्या मेंदूत गुठळी अडकली की रक्तस्राव झाला? गुठळीचा प्रकार जास्त आढळतो, पण अंदाजाने चालत नाही, कारण रक्त पातळ करायची गोळी एका प्रकारात दुसरा झटका टाळते आणि दुसऱ्या प्रकारात घातक ठरू शकते. म्हणून शेजारच्या काकांची गोळी आईला चालणार नाही. वर्षातून एकदा थंडीत रक्त पातळ करायचं सलाईन लावून घेतलं की वर्षभर काळजी नाही, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. कुठलंही सलाईन वर्षभर पुरत नाही. दुसरा झटका टाळण्यात सगळ्यात मोठा वाटा रोजच्या बीपीच्या गोळीचा आहे, आणि तीच गोळी लोक ‘आता नॉर्मल आलं’ म्हणून बंद करतात. नॉर्मल गोळीमुळे आलेलं असतं. बीपी डाव्या, म्हणजे चांगल्या दंडावर मोजा आणि वहीत लिहून ठेवा.

तुम्ही एक ओळ अशीही लिहिली आहे की पहाटे आईची जीभ जड झाली होती, ॲसिडिटी वाटली, दवाखान्यात पोचायला दुपारचे दोन वाजले, ‘ही आमची चूक का?’ दादा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांत देतात हे खरं. पण ते रक्तस्रावात देत नाहीत, गुठळीतही सगळ्यांना देता येत नाही, आणि जवळच्या दवाखान्यात सीटी स्कॅन असावा लागतो. पहाटे जीभ जड झाली म्हणजे मेंदू, हे ओळखायला तुम्हाला कुणी शिकवलं होतं? आता शिका, कारण पुन्हा होण्याचा धोका असतो. तोंड वाकडं, हात गळालेला, बोलणं अडखळतं, तोल जातो, एकदम दिसेनासं होतं, यातलं काहीही अचानक झालं तर १०८ ला फोन, आणि ‘शेवटचं ठीक किती वाजता बघितलं’ ती वेळ लिहून ठेवा. तोंडात काही घालू नका, घरातली बीपीची जास्तीची गोळी सुद्धा नाही.

याशिवाय ताप १०० च्या वर, श्वास भराभर, नेहमीपेक्षा झोपाळू, झटके, एकाच पायाची पोटरी सुजलेली-गरम, किंवा लघवी गढूळ होऊन कमी झाली, तर फिजिओच्या वेळेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. पोटरी सुजली असेल तर ती चोळायची नाही.

कॉट ठेवताना उजवी बाजू भिंतीला लागू नये, खोलीतली ये-जा त्या बाजूने व्हावी. आणि तांब्या तूर्त त्यांच्या नजरेआड ठेवा, रोज नाही म्हणत राहणं दोघांनाही जड जातं.

डिस्चार्ज कार्डावर इन्फार्क्ट (गुठळीचा प्रकार) लिहिलंय की हेमरेज (रक्तस्राव), गोळ्यांची नावं, साखर आहे की नाही, आणि गिळण्याच्या तपासणीत काय निघालं, एवढं शुक्रवारी मला लिहा. मग कुठली गोळी कुटायची आणि पेज किती दाट ठेवायची ते नेमकं सांगते.